चाकावरचा खडूचा गोल

सासूबाईंनी एकदा 'खणखणीत आहे' म्हटलं की त्या कारखान्यात पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. पण तिला शेड म्हटलेलं सासूबाईंना खपत नसे. तिथे गवत कापायची जुनी यंत्रं यायची, आजोबांच्या वयाची, गंजून तांबडी झालेली, पिस्टन अडकून मुकी बसलेली. सासू आणि सून, दोघी मिळून त्यांना बोलतं करायच्या. हात सुनेचे, कान सासूबाईंचे.

कान कशाला? तर इंजिनावर बिडाचं एक जड चाक असतं, फ्लायव्हील. जुन्या चाकात केसाएवढा जरी तडा असला, तरी वेग चढला की ते फुटतं आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. सासूबाईंनी नव्या नवरीच्या वयात ते एकदा पाहिलं होतं, दुसऱ्या एकाच्या कारखान्यात. तुकडा पत्र्यातून गेला आणि पलीकडच्या विटेत रुतला. मधे जो माणूस उभा होता, त्याच्याबद्दल त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

म्हणून प्रत्येक चाक दोरीनं आकड्याला टांगायचं आणि लाकडी हातोडीनं टक् करून मारायचं. धड चाक घंटेसारखं गातं. तडकलेलं बद्द वाजतं. सासूबाई डोळे मिटून ऐकत आणि पसंत पडलं तर चाकावर खडूनं एक गोल काढत. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही. शाळेत दोन पावसाळे गेल्या तेवढ्याच. पण तो गोल पाहिला की सून डोळे झाकून चाक बसवायची.

आत्ता भरदुपारी त्या शेडच्या दाराशी उभ्या होत्या.

सुनेनं इंजिन सुरू केलं होतं. गिऱ्हाइकाला ते गवतयंत्रांच्या शर्यतीसाठी हवं होतं, म्हणून तिनं गव्हर्नर काढून टाकला होता. गव्हर्नर म्हणजे वेगाचा लगाम, तो गेला की इंजिन धावेल तेवढं धावतं. सून गुडघे टेकून कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवत होती. तिचं डोकं चाकापासून वीतभर.

"बघा आई, कसं पळतंय!" ती मान न वळवता ओरडली. "अजून अर्धासुद्धा वेग दिला नाही!"

चाकावर गोल होता, गेल्या आठवड्यात सासूबाईंनीच काढलेला.

गेल्या आठवड्यात त्यांनी हातोडी मारली आणि त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. लाकडाचा ठोका हातात जाणवला, बस. पुढचा बारीक सूर आला की नाही, देव जाणे. हे कधीपासून? चहाची किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली आणि शेजारीण जाळीचं दार वाजवत आली, ते थंडीतलं. तेव्हा त्यांनी शेजारणीलाच झापलं होतं, "माझी किटली, जळू दे नाहीतर वितळू दे!" माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, इंजिनाची घरघर येत होती. गेला होता तो फक्त वरचा सूर, आणि त्यांचं सगळं राज्य त्या सुरावर उभं होतं.

त्या दिवशी सून म्हणालीही होती, "आई, रॉकेल लावून पाहू का एकदा? तडा असेल तर दिसेल."

"रॉकेल लावतात ते बिनकानाचे," सासूबाई म्हणाल्या होत्या. "माझे कान शाबूत आहेत. खणखणीत आहे. बसव."

आणि गोल काढला होता. हात जरासुद्धा थरथरला नव्हता, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट.

इंजिनाचा आवाज चढला. फरशी चपलांतून मुंग्या आल्यासारखी थरथरू लागली. सुनेची बट वाऱ्यानं चाकाकडे ओढली जात होती. सासूबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हाक मारून सांगणार काय? तीस वर्षं कुणाला तो ठोका त्यांनी शिकवला नव्हता. पोटच्या पोराला नाही, या पोरीला तर नाहीच. शिकवलं तर आपल्याला विचारणार कोण?

सुनेनं स्क्रू आणखी अर्धा फेरा फिरवला.

सासूबाईंना पाय कसे उचलले ते कळलं नाही. चाकाच्या रेषेतून त्या आडव्या गेल्या, विस्तवावरून चालावं तशा, आणि इंजिन बंद करायची प्लगवरची पत्र्याची पट्टी अंगठ्यानं दाबली. झटका कोपरापर्यंत गेला. इंजिन धापा टाकत थांबलं.

"अहो आई! काय हे? आत्ता कुठे लयीत आलं होतं! आणि त्या चाकासमोरून कुणी जातं का?"

"बाजूला हो. आधी बाजूला हो तिथून."

"पण झालं काय?"

सासूबाई पाण्याच्या पिंपावर बसल्या. अंगठा तोंडात घालावासा वाटला, पण सुनेसमोर कसा घालणार?

"मला ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या.

"काय ऐकू आलं नाही? मी ओरडून सांगितलं की, अर्धासुद्धा—"

"तुझी बडबड येते गं ऐकू, दुर्दैवानं. चाक. चाक ऐकू आलं नाही. त्या दिवशी. मी उगीच गोल काढला. थंडीपासून वरचा सूर येतच नाही."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, जागेवर आहे ना तसं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर सासूबाईंना सोपं गेलं असतं.

तिनं पुलर लावून चाक उतरवलं, आकड्याला टांगलं. शेजारी फळीवरचं, थंडीच्या आधी पसंत केलेलं एक धड चाक टांगलं.

"मला ठोका कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

"आता सांगते. आधी ते धड मार. हलक्या हातानं, दार वाजवतेस तसं नको. सूर विरेपर्यंत मोज."

टक्. सुनेचे ओठ हलत राहिले. "नऊ."

"आता हे."

टक्. ओठ हलले आणि थांबले. "तीन... नाही. दोनच."

"रॉकेल आण," सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं चाकाला रॉकेल चोळलं, फडक्यानं कोरडं पुसलं, वर खडूची पूड फासली. दोघी वाट बघत उभ्या राहिल्या. पांढऱ्या पुडीत आधी काहीच नव्हतं. मग मधल्या भोकाच्या खाचेपासून एक ओली रेघ उमटली, मुंगी चालावी तशी सावकाश पुढे सरकली आणि जिथे खडूचा गोल होता तिथून आरपार कडेपर्यंत गेली.

सून चाकापासून दोन पावलं मागे सरली. "आई, मी त्याच्यावर तोंड घालून बसले होते."

"माहितीय मला."

"थंडीपासून आणखी किती चाकांवर गोल काढलेत?"

सासूबाईंनी बोटं मुडपली. एक हात संपला, दुसऱ्यावरची दोन. सात. त्यातली सहा गव्हर्नरची, आपल्या चालीनं चालणारी, त्यांना संध्याकाळपर्यंत सवड होती. सातवं निवृत्त बसड्रायव्हरचं. त्याचा लगाम सुनेनंच काढून दिला होता. म्हातारा रोज जेवल्यावर ते आवारात पळवायचा, पोरासारखा खिदळत.

दोघींनी एकदमच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

सुनेनं फोन लावला. कानाला धरला आणि तिचा चेहरा उतरला.

"उचललाय. मागे इंजिन चालू आहे. खूप वर चढलेलं. हॅलो! काका, ऐकू येतंय का? ते म्हणतात मोठ्यानं बोला, मशीनपाशी आहे."

"आण इकडे." सासूबाईंनी फोन हिसकावला. "अहो ड्रायव्हर! मी बोलतेय. समोरून बाजूला व्हा आणि बंद करा ते. माझी चूक झालीय. माझ्या कानाची. चाकाचं मला कळलं नव्हतं. बंद करा आधी, मग हसा हवं तेवढं!"

पलीकडे घरघर होती. ती खरंच थांबली, की सूर वर चढून फक्त त्यांच्या कानापुरती थांबली, ते त्यांना कळेना. त्यांनी फोन परत सुनेच्या कानाला लावला, तसाच धरून ठेवला, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सून ऐकत होती. मग तिनं डोळे मिटले आणि मान हलवली.

"थांबलं," ती म्हणाली.

सासूबाईंनी खिशातला खडू काढला आणि तिच्या हातावर ठेवला. "पुढचा नंबर लाव," त्या म्हणाल्या. "अजून सहा आहेत."