राजा पिताना वाजायची ती घंटा

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या लोआंगोच्या राजाला पिताना कुणी पाहायचं नाही. पाहील तो मेला. राजाने ताडीचा पेला उचलला की मी लोखंडी घंटा बडवायची आणि मोठमोठे सरदारसुद्धा तोंड मातीत खुपसून आडवे व्हायचे! घरी मात्र माझा नवरा म्हणायचा, "घंटाबाई, वाढा आता."

माझा नवरा चिबिंदा विणकर. त्याच्यासारख्यांनी विणलेलं ताडाच्या धाग्याचं कापड देऊनच आम्ही आतल्या रानातून तांबं नि हस्तिदंत आणायचो, त्यावरच राज्य भरभराटलं. मग गोऱ्यांची जहाजं आली. त्यांना कापड नको, माणसं हवी. मांबू दलाल दूरदूरची माणसं पकडून विकू लागला. आपली थोडीच आहेत, असं आम्ही म्हणालो. सांगायला लाज वाटते.

एका दुपारी शेजारीण दरबाराच्या दारातून ओरडली, "बुआंगा, मांबूने तुझ्या नवऱ्याला धरलं गं! किनाऱ्यावर नेलाय!"

मी राजाच्या पायांवर पडले.

"मांबूला दुखवून कसं चालेल?" राजा म्हणाला आणि त्याने ताडी मागवली.

मी घंटा उचलली आणि तशीच धूम ठोकली!

किनाऱ्यावर अकरा जण एका दोरात ओवलेले, नाव पाण्यात तयार. माझ्याकडे दुसरं होतं काय? घंटा बडवली. ठण् ठण् ठण्! पहारेकरी आडवे, नावाडी आडवे, लाल डगल्यातला मांबूही आडवा. वा रे वा! आणि सगळ्यांच्या आधी कोण आडवं? माझा नवरा! त्याच्यामागे ते दहाही.

"अहो, उठा!"

"राजा पितोय गं," तो वाळूतूनच बोलला.

"राजा गेला खड्ड्यात! ऊठ मेल्या, पळ!"

त्याने मान वर केली. राजा कुठेच नव्हता. मग त्याने दोर हिसडला, अकराही उठले आणि लव्हाळ्याकडे धावत सुटले. मला मात्र हलता येईना. घंटा थांबली की मांबू उठणार. हात भरून आला तरी मी बडवत राहिले. शेवटचा माणूस दिसेनासा झाला तेव्हा घंटा तिथेच टाकून पळाले.

पण मांबूने माझं ओरडणं ऐकलं होतं. पुढच्या वेळी दरबारात माझ्या जागी दुसरीने नवी घंटा वाजवली, तेव्हा म्हणे तो आडवा झालाच नाही. त्याने राजाला पिताना सरळ पाहिलं. ताडी हनुवटीवरून ओघळत होती, एवढंच. मांबू मेला नाही. मग घंटा वाजली तरी दुसरा दलालही उभाच राहिला, मग तिसरा. राजा वारला तेव्हा त्यांनी त्याला पुरूही दिलं नाही, कारण जुना पुरल्याशिवाय आमच्यात नवा राजा बसत नाही. गादी वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि जहाजं भरत राहिली.

राज्य मांबूने बुडवलं असं लोक म्हणतात. पहिली मान मी वर करायला लावली, हे मला ठाऊक आहे, आणि त्या भरलेल्या जहाजांचा विचार आला की घास उतरत नाही. समोर चिबिंदा जेवत असतो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा वाजवीन.