मूर्च्छाराव

“आज जरा जोरात पडा,” मालक म्हणाला. “काल तुम्ही पडलात की बसलात, तेच कळलं नाही.”

त्यानं मान हलवली. थिएटरच्या ऑफिसात खुर्ची एकच होती आणि ती मालकाची, त्यामुळे बाकीच्यांनी उभ्यानंच ऐकून घ्यायचं. भिंतीवर चालू सिनेमाचं पोस्टर होतं: ओसाड बंगला, उघडं कपाट आणि त्याच्यासमोर तोंडावर हात घेतलेली बाई. खाली लाल अक्षरांत सूचना होती की, कमकुवत हृदयाच्या प्रेक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर आत यावं, परिचारिका हजर आहे. ही परिचारिका म्हणजे तिकीटखिडकीवरची बाई. तिला पांढरा पोशाख शिवून दिला होता, डोक्याला टोपी दिली होती, आणि इंजेक्शनची सुई नुसती दिसली तरी तिला घाम फुटायचा. परिचारिका अशी म्हटल्यावर पेशंटही तसाच हवा. तो पेशंट म्हणजे हा.

काम सोपं होतं. दुपारच्या खेळाला मधल्या वाटेच्या कडेला बसायचं. पडद्यावर ते कपाट उघडलं की छातीवर हात दाबून उठायचं, अर्धवट ओरडायचं आणि वाटेतच कोसळायचं. मग दिवे थोडे उजळायचे, दोन दरवान स्ट्रेचर घेऊन धावायचे, मागून ती पांढरी बाई, आणि सगळ्या लोकांदेखत त्याला उचलून बाहेर न्यायचं. ऑफिसचं दार बंद होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, हा मालकाचा नियम. तो मोडला की दुसऱ्या दिवशी यायचं कारण नाही.

थिएटरात सगळे त्याला मूर्च्छाराव म्हणायचे. पहिल्या आठवड्यात त्याला ते लागलं होतं. पुढे कुणी “मूर्च्छाराव, चहा” म्हणून हाक मारली की तो वळून बघायला लागला, आणि एकदा वळून बघितलं की नाव चिकटतंच.

त्याआधी त्याची सगळी उमेदीची वर्षं फर्निचरच्या एका दुकानात गेली होती. गिऱ्हाइकाला टेबलाचा ड्रॉवर उघडून दाखवायचा, कपाटाच्या बिजागऱ्या दाखवायच्या, आवाज कधी चढवायचा नाही. दुकान बंद झालं. इस्त्रीचा कोट घालून तो दारोदार फिरला आणि सगळीकडून हात हलवत परत आला. या मालकाकडेही तो कारकुनीच मागायला गेला होता. मालकानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, तुमच्यासारखा अब्रूदार माणूस पडला तर लोकांना पटेल. एखादा उडाणटप्पू पडला तर म्हणतील, पिऊन आलाय. म्हणजे ज्या अब्रूला गावभर कुणी विचारलं नाही, तिला इथं एकदाचं काम मिळालं, तेही लोळण घ्यायचं.

घरी त्यानं सांगितलं की थिएटरच्या ऑफिसात नोकरी लागली. शेवटी त्याला रोज ऑफिसातच आणून ठेवत होते, तेव्हा हे अगदीच खोटं नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. बायकोनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं सगळ्या आळीला.

आता मात्र दिवस फिरले होते. त्याच्या पडण्याचा गावभर बोभाटा झाला होता. मागच्या रांगेतून कुणीतरी “आता बघ, पडेल” म्हणायचं आणि काल तर तो पडल्यावर लोक चक्क हसले होते. आज बातमी घ्यायला पेपरवाला यायचा होता. आज हसू आलं तर उद्यापासून तुम्ही मोकळे, असं मालकानं गोड आवाजात बजावलं. त्यामुळे सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरात त्यानं एकच बूट तीनदा बांधला. बायको म्हणाली, तुमचं आज काय बिनसलंय? मग ती शेजारणीबरोबर कुठल्याशा सिनेमाला जाण्याबद्दल बोलत राहिली. तो “जा, जा” म्हणाला. कुठला सिनेमा, हे त्यानं ऐकलंच नव्हतं.

ते त्याला अंधारात बसल्यावर ऐकू आलं. त्याच्या पुढच्याच्या पुढच्या रांगेत शेजारणीचा आवाज होता, आणि त्या आवाजाच्या बाजूला अंबाड्यात खोचलेला तपकिरी कंगवा. त्या कंगव्याचा एक दात तुटला होता. तो त्यानंच एकदा कंगव्यावर बसून तोडला होता.

तो खुर्चीत खाली सरकला.

पडद्यावर बंगल्यात वारा शिरला, मेणबत्ती विझली. लोक जागेवर अंग आवळून बसले होते. तो एकटाच खुर्चीत चुळबुळत होता. कधी चष्मा पुसत होता, कधी दाराकडे बघत होता. दारात मालक आणि त्याच्या शेजारी एक वही घेतलेला इसम उभा होता. पडावं तर ही बघणार. न पडावं तर उद्या घरी काय सांगायचं? उठून सरळ बाहेर जावं, असंही वाटून गेलं. पण पाय हलेनात. पडायची सवय लागली होती, चालत बाहेर जायची लागलीच नव्हती.

एकच आशा होती. त्याची बायको भित्री. साधी पाल दिसली तरी ती तोंड ओंजळीत लपवायची. कपाट उघडेल तेव्हा ती डोळे मिटून घेईल, तेवढ्यात आपण पडू, आपल्याला उचलून नेतील, आणि तिला कळणारही नाही कोण पडलं ते. हे त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की त्याला ते पटलं.

नायिका जिना चढली. कपाटाची मूठ तिनं धरली. पुढचा कंगवा खाली गेला, चेहरा ओंजळीत गेला. कपाट उघडलं, आणि तो उठून पडला.

जोरात पडला. इतका की डावा बूट निसटून कुठल्या कुठे गेला. मागून कुणीतरी खिदळलं, आणखी दोघे-तिघे हसले. दिवे उजळले. दरवानांनी त्याला स्ट्रेचरवर घातलं, छातीपर्यंत पांढरी चादर ओढली आणि उचललं. उजेड मिटल्या पापण्यांतूनही त्याला जाणवला आणि त्याच्या ध्यानात आलं की ओंजळ काही जन्मभर तोंडावर राहत नाही. स्ट्रेचर तिच्याच रांगेवरून जाणार होतं. त्यानं हळूच चादर वर खेचली आणि तोंड झाकून घेतलं.

हसू तुटलं. सगळं थिएटर गप्प झालं. पडद्यावरचं संगीत तेवढं चालू होतं. इतके दिवस तो पडला, पण लोक असे कधी गप्प झाले नव्हते. खरं सांगायचं तर चादरीखाली त्याला क्षणभर बरं वाटलं. काम जमलं होतं.

चादर वर ओढली की खालून पाय उघडे पडतात, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. डाव्या पायात बूट नव्हता. करडा मोजा होता आणि टाचेवर निळ्या लोकरीचं रफू. घरात करडी लोकर नव्हती, म्हणून बायकोनं निळी घातली होती. बुटात कोण बघतंय, असं ती म्हणाली होती.

स्ट्रेचर बाहेर आलं. पाठोपाठ बघे आले, पेपरवाला आला. ऑफिसचं दार चार पावलांवर असेल, तेवढ्यात दरवान थांबले. वाटेत कुणीतरी आडवं आलं होतं. दरवानांनी स्ट्रेचर खाली ठेवलं. मग त्याच्या टाचेला एक बोट लागलं. बोट रफूवरून फिरलं आणि थांबलं. त्या बोटाचा खरखरीतपणा त्याच्या ओळखीचा होता. थोड्या वेळानं तोंडावरची चादर उचलली गेली आणि चेहऱ्याला बाहेरची हवा लागली.

त्यानं डोळे उघडले नाहीत.

भोवती लोक होते, मालक होता, वही उघडी होती. एवढं दार ओलांडू दे, मग सगळं सांगतो, असं तो मनात म्हणाला. श्वाससुद्धा त्यानं रोखून धरला. तो त्यानं मुद्दाम रोखला नव्हता. कुणी जवळून बघायला लागलं की श्वास रोखायचा, ही कामाची सवय होती.

शेजारी काहीतरी घसरल्यासारखं झालं. त्यानं डोळे उघडले तर बायको फरशीवर होती. तिनं छातीवर हात नेला नव्हता, ती ओरडली नव्हती. ती उभ्या जागी खाली आली होती आणि तिचा एक हात अजून चादरीवर होता. खरं पडणं इतकं बिनआवाजी असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. “आज दोन-दोन!” कुणीतरी म्हणालं.

तो स्ट्रेचरवरून उठला, तेव्हा तर हशाच पिकला. पाणी आणा, तो म्हणाला. कुणी हललं नाही. ही माझी बायको आहे, तो म्हणाला, आणि पेपरवाल्यानं तेही लिहून घेतलं. तो गुडघ्यांवर बसून तिचे हात चोळत राहिला. इतक्या दिवसांत तो कितीदा तरी पडला होता, पण पडलेल्या माणसाला उचलतात कसं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा उमगलं ते तिकीटबाईला. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि धावत जाऊन पाणी आणलं. मग डोक्यावरची टोपी काढून ती वारा घालायला लागली, आणि तेव्हा कुठे लोकांच्या टाळ्या थांबल्या.

बायको शुद्धीवर आली. तिला ऑफिसात मालकाच्या खुर्चीवर बसवलं. ती घोट घोट पाणी पीत होती. मालक आत आला तो खुशीतच. चादरीची काय युक्ती काढलीत, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. उद्यापासून रोज तोंड झाकायचं, आणि वहिनींची तयारी असेल तर जोडीनं या, असं काम मी सिनेमातही बघितलेलं नाही.

“ती काम करत नव्हती,” तो म्हणाला.

मालकाला ते कळायला जरा वेळ लागला. मग पाणी आणखी हवं का, असं विचारून तो बाहेर गेला.

खोलीत दोघंच उरली. ती भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होती. ती रडेल, चिडेल, शेजारणीसमोर अब्रू गेली म्हणेल, अशी त्याला धास्ती होती. तसं घडलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

“मी चादर काढली,” ती म्हणाली, “तेव्हा मी आहे, हे तुम्हाला कळलं होतं?”

नाही म्हणणं सोपं होतं. तिनं विश्वासही ठेवला असता.

“हो.”

“मग?”

“दार जवळच होतं,” तो म्हणाला.

तिनं मान डोलावली. मग खाली वाकून तिनं त्याच्या मोज्याची घसरलेली कड वर ओढली. तिकीटबाईनं बूट शोधून आणला. तो पायात घालून दोघं पुढच्या दारानं भर दुपारी बाहेर पडली.

तो पुन्हा त्या थिएटरात गेला नाही. पुढे त्याला एका लाकडाच्या वखारीत काम मिळालं. घरात त्या दुपारचा विषय निघाला नाही. शेजारणीनं काढला तेव्हा बायको म्हणाली, अहो, गर्दीत मला घेरी आली, आणि तिनं बोलणं दुसरीकडे नेलं. ती पूर्वीसारखीच हसायची, त्याच्या विसरभोळेपणावरून टोमणे मारायची, मोजे रफू करायची. सगळं जागच्या जागी होतं.

फक्त झोपेचं तेवढं बदललं. थंडीत डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची त्याची लहानपणापासूनची सवय. आता त्यानं तसं घेतलं की झोपेतच तिचा हात यायचा आणि पांघरूण हनुवटीपर्यंत खाली करायचा. मग तो हात त्याच्या नाकापाशी थोडा वेळ थांबायचा, हाताला श्वास जाणवेपर्यंत, आणि परत जायचा. तो जागा असायचा. श्वास तिला नीट जाणवावा म्हणून तो जरा मोठ्यानं सोडायचा.