मासेको आदराने बोलतो तेव्हा

मासेकोने कसुबाला पाच वर्षांत दोनदाच आदराने हाक मारली होती. दोन्ही वेळा ती मरता मरता वाचली.

पहिल्यांदा लुआंग्वा नदीच्या काठावर. ती ठसे पाहत ओणवी झाली होती आणि मागच्या गवतातून पिल्लू असलेली हत्तीण चालून येत होती. "कसुबाताई, आपण जरा माझ्या मागे येता का?" मासेको म्हणाला. दुसऱ्यांदा सफारी कॅम्पच्या कोठीत. ती पिठाच्या पोत्यामागे हात घालणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "ताई, हात तसाच ठेवा. आणि कृपा करून डोळे मिटून घ्या." पोत्यामागे थुंकणारा नाग फणा काढून बसला होता. त्याची पिचकारी तिच्या कपाळावर आली, डोळ्यांत गेली नाही.

बाकी सगळे दिवस ती त्याच्यासाठी 'माकडखाऊ' होती आणि तो तिच्यासाठी 'उंदीरखाऊ'. ती बेम्बा, तो न्गोनी. या दोन जमातींचे पणजे एकमेकांशी लढले आणि लढून दमल्यावर त्यांनी नातं जोडलं ते थट्टेचं. झांबियात कुठेही बेम्बा आणि न्गोनी समोरासमोर आले की मेहुणा-मेहुणी भेटल्यासारखं सुरू होतं. कुणी रागवायचं नाही, कुणी माफी मागायची नाही. अगदी मयताच्या घरीसुद्धा.

त्या सकाळीही चुलीपाशी तेच चाललं होतं. ऑक्टोबर होता. ऊन उगवतानाच भाजत होतं आणि पाऊस आला की कॅम्प बंद होणार होता. कसुबाची पायी सफारीच्या गाइडची परीक्षा होती. तिसरी. पहिल्या खेपेला ती पक्ष्यांत अडकली होती, दुसऱ्या खेपेला झाडांत. तीनदा नापास झालेल्याला कॅम्प पुन्हा पाठवत नसे. मग तिला चादरी धुण्याच्या खोलीत परत जावं लागणार होतं, जिथून ती मोठ्या खटपटीने बाहेर पडली होती.

"खाऊन घे गं," मासेको बंदूक पुसता पुसता म्हणाला. "बेम्बांचे खायचे सुरवंट संपले वाटतं? रिकाम्या पोटी बेम्बाला झाडावरचं माकड दिसलं की ती पाहुण्यांना सोडून पळत सुटते."

"तू नको पळण्याचं बोलूस," कसुबा म्हणाली. "तुमचे पणजोबा दक्षिणेतून जे पळत सुटले ते इथे उंदरांची बिळं दिसली तेव्हा थांबले."

चहावाला लेमेक किटलीमागे हसला. चौथा माणूस हसला नाही. तो परीक्षक होता, मुयुंडा. साठी उलटलेला, लोझी जमातीचा माणूस. निम्म्या खोऱ्यातले गाइड त्याच्या हाताखालून गेले होते आणि सगळे त्याला काका म्हणत. परीक्षेला तो स्वतःच पाहुणा बनून यायचा. आज त्याच्या डोक्यावर फुलाफुलांची टोपी होती, गळ्यात बंद पडलेला कॅमेरा होता आणि नाकावर पांढऱ्या मलमाचा थर होता.

"हे असलं पाहुण्यांसमोर चालणार नाही," तो म्हणाला. "मागच्या मोसमात एका बाईंनी तक्रार केली, तुमचा बंदूकवाला गाइडचा अपमान करतो म्हणून. त्यांना तुमची नाती कोण समजावणार? आज रक्षकाने गाइडशी वरिष्ठांशी बोलावं तसं बोलायचं. कळलं?"

"जी," मासेको म्हणाला.

"आणि आता मी मुयुंडा नाही. मी गेराल्ड. बर्मिंगहॅमचा, कपाटं विकून निवृत्त झालेला. कॅम्पवर परत येईपर्यंत मुयुंडा मेला असं समजा. ज्याने त्याचं नाव घेतलं त्याची परीक्षा तिथल्या तिथे संपली." मग त्याने टोपी सारखी केली आणि अचानक किनऱ्या आवाजात विचारलं, "इथे साप असतात का हो?"

ते निघाले. पुढे बंदूक घेऊन मासेको, मग कसुबा, तिच्यामागे गेराल्ड आणि शेवटी किटली घेतलेला लेमेक. मोपानीच्या झाडांची पानं उन्हाने मिटली होती. कसुबाने विष्ठेवरून तरस ओळखला, पाणघोड्याची वाट ओळखली, दोन पक्षी आवाजावरून सांगितले. सगळं छान चाललं होतं. मग मासेको थांबला, वळला आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, आपल्या डावीकडे, जरा जपून."

कसुबा जागीच थांबली. तिचा हात वर गेला. दुसऱ्या हाताने तिने गेराल्डला दंडाला धरून झाडामागे ओढलं. लेमेकने किटली छातीशी धरली.

"काय आहे?" गेराल्डने कुजबुजत विचारलं.

कसुबाने मासेकोकडे पाहिलं.

"काटे आहेत, मॅडम."

"काटे?" गेराल्ड म्हणाला. "इथले काटे अंगावर येतात का?"

थोडं पुढे गेल्यावर मासेको पुन्हा वळला. "मॅडम, आपण पाणी घेता का?" कसुबा जागीच गर्रकन फिरली. पुढचं गवत, मागचं गवत, वारूळ, वरच्या फांद्या, सगळं तिने पाहून घेतलं. कुठे काही नव्हतं. मासेकोच्या हातात पाण्याची बाटली होती.

"अरे, नीट बोल ना रे," ती दातओठ खात पुटपुटली.

"नीटच बोलतोय, मॅडम," मासेको तितक्याच हळू म्हणाला. त्याचा चेहरा बारशाला आलेल्या पाद्र्यासारखा गोड होता. या परीक्षेत नुसती तिचीच नाही, त्याचीही जीभ बांधली गेली होती, आणि त्याला त्यात मजा येऊ लागली आहे हे तिच्या लक्षात आलं.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "मॅडम, आपली परवानगी असेल तर, समोरच्या झाडावर झाडसाप आहे." बूमस्लँग होता, हिरवागार, चांगला उंचावर. बुलबुलांनी त्याच्याभोवती कालवा मांडला होता. विष जहाल, पण स्वभावाने लाजरा. माणूस दिसला की तोच आधी निघून जातो. असा साप दाखवणं म्हणजे पाहुण्यांची चांदी. कसुबाला हे सगळं पाठ होतं. पण 'मॅडम' आणि 'परवानगी' हे शब्द एका वाक्यात कानावर पडले आणि तिने गेराल्डला ढकलत ढकलत पार ओढ्यापलीकडे नेलं. तोवर साप पानांत शिरला होता.

"मी सापासाठी विमानाचं तिकीट काढलं होतं," गेराल्ड म्हणाला. "माझ्या बायकोला काय सांगू? काटे पाहिले?"

कसुबाचे कान तापले. लोझी माणसाचा चेहरा वाचता येत नाही असं तिची आई म्हणायची, पण मलमाच्या थराखाली तिला मुयुंडा स्पष्ट दिसत होता, आणि तो खूश नव्हता. ती एक नवी चूक करत होती, जी पुस्तकात नव्हती आणि जी कुणाला सांगताही आली नसती. काय सांगायचं? माझा रक्षक सभ्यपणे बोलतो म्हणून मला भीती वाटते? तिने मनाशी ठरवलं: आता मासेको काहीही म्हणो, मॅडम म्हणो, महाराणी म्हणो, हलायचं नाही.

चहासाठी ते आबनुसाच्या राईत थांबले. गर्द सावली, खाली वाळलेल्या पानांचा जाड थर. लेमेकने कप मांडले, तळलेले गोड गोळे काढले. गेराल्ड चुळबुळला. "मला जरा, हे, झाडामागे जायचंय."

हा प्रश्न प्रत्येक परीक्षेत असतो. कसुबाने एक झाड निवडलं, त्याच्याभोवती काठीने पानं हलवून पाहिली, बुंध्यामागे पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाली, "या झाडामागे, सर. दुसरीकडे नको."

"थँक यू," गेराल्ड म्हणाला. ती चहाकडे वळली. गेराल्ड त्या झाडापाशी गेला, थोडा रेंगाळला आणि मग पाहुणे जसे करतात तसा त्याच्या पलीकडच्या झाडापाशी गेला.

मासेको उभा राहून चौफेर नजर फिरवत होता, ते त्याचं कामच होतं. "मॅडम," तो म्हणाला, "सर जिथे उभे आहेत तिथे..."

"असू दे," कसुबा कपात साखर घालत म्हणाली. "काटे असतील."

"मॅडम, मी आपल्याला विनंती करतो..."

"विनंती चहा झाल्यावर."

मग मासेको ओरडला, पण दबक्या, फाटक्या आवाजात, "ए माकडखाऊ! मान वळव गं, बये! म्हाताऱ्याच्या डाव्या टाचेशी पफ ॲडर आहे!"

साखर कपाबाहेर सांडली. कसुबाने वळून पाहिलं. आधी नुसती पानं दिसली. मग पानांवरची नक्षी पानांची नाही हे दिसलं. घोणसीच्या कुळातला, मनगटाहून जाड, आखूड, सुस्त साप. हा पळून जात नाही, हीच त्याची खोड. पडून राहतो आणि पाय पडला की चावतो. गेराल्डचा बूट त्याच्यापासून वीतभर पुढे होता. गेराल्डचं आटोपलं होतं आणि तो मागे सरण्याच्या बेतात होता.

"सर, हलू नका," ती म्हणाली. "तुमच्या मागे साप आहे."

"हो का?" गेराल्ड वळून न पाहता म्हणाला. "पहिल्यासारखाच, काट्यांचा का? की या वेळी त्याला पानंही आहेत?" त्याची डावी टाच उचलली गेली.

कसुबाने विचार केला नाही, असं ती पुढे सांगायची. पण तिने केला होता. चादरींची खोली तिला दिसली, साबणाच्या वासासकट.

"मुयुंडा काका," ती म्हणाली. "टाच खाली ठेवा."

फुलाफुलांची टोपी ताठ झाली. "संपली परीक्षा," मुयुंडा आपल्या खऱ्या, जाड आवाजात म्हणाला. पण टाच त्याने होती तिथेच खाली टेकवली. तीनदा घाबरलेली पोरगी चौथ्यांदाही उगाच घाबरेल. पण उगाच कुणी आपली तिसरी परीक्षा फेकून देत नाही, एवढं त्याला कळत होतं. आणि मग त्यालाही ऐकू आलं. पंक्चर झालेल्या ट्रकच्या चाकातून हवा जावी तसा लांबच लांब फूत्कार.

"किती जवळ?" त्याने विचारलं.

"वीतभर. डाव्या टाचेमागे. तोंड तुमच्याकडे आहे." ती हळूहळू त्याच्या समोर आली, थेट त्याच्या डोळ्यांत बघत. "मी हात देते. धरा. सगळा भार आधी उजव्या पायावर घ्या. डावा ओढायचा नाही, अलगद उचलून पुढे टाकायचा, लांब. मी सांगेन तेव्हा."

"मला शिकवतेस?"

"हो. आता."

त्याने डावा पाय पुढे टाकला. मग उजवा. मग आणखी दोन पावलं. मागे साप पुन्हा एकदा फुसकारला, डोकं थोडं मागे घेतलं आणि तसाच पडून राहिला, कुणीतरी झोपमोड केल्यासारखा. लेमेकने गोळ्यांची पिशवी घट्ट धरून देवाचं नाव घेतलं.

मुयुंडा एका ओंडक्यावर बसला. आधी ओंडक्याखाली त्याने नीट पाहून घेतलं. नाकावरचं मलम घामाने ओघळून मिशीत उतरलं होतं. लेमेकने दिलेला चहा त्याने एका दमात संपवला. मासेको एक पाऊल पुढे आला.

"सर, एक विनंती होती."

"बोल."

"आपल्या पॅन्टची चेन उघडी आहे, सर."

मुयुंडाने चेन लावली. हसू दाबायला कसुबाने ओठ चावला, आणि मग तिच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. संपलं होतं सगळं. ती कप गोळा करू लागली.

"खाली बस," मुयुंडा म्हणाला. "आधी हे सांग. सकाळभर तू काट्यांना भीत होतीस, बाटलीला भीत होतीस. आणि या खऱ्या सापाच्या वेळी आवाज जराही कापला नाही. हा काय प्रकार आहे?"

तिने सांगितलं. हत्तीण, कोठीतला नाग, 'आपण' आणि 'ताई'. सांगताना तिला स्वतःलाच ते इतकं बावळट वाटलं की शेवटचं वाक्य ती किटलीकडे बघत बोलली. "तो आदराने बोलला की मला वाटतं मी मेले."

मुयुंडाने मासेकोकडे पाहिलं. "आणि तुला हे माहीत होतं?"

"पहिल्या वेळी नव्हतं, सर. दुसऱ्या वेळी शंका आली." मासेकोने बंदुकीचा पट्टा सारखा केला. "तिसऱ्या वेळी माहीत होतं."

"उंदीरखाऊ!" कसुबा म्हणाली.

"बघा, सर. वरिष्ठांशी आम्ही आदराने बोलावं, पण वरिष्ठांनी..."

"गप्प बैस," मुयुंडा म्हणाला. मग कसुबाकडे वळला. "तू झाड दाखवलंस आणि पाठ फिरवलीस. पाहुणा दाखवलेल्या झाडामागे कधीच जात नाही. तो झाडामागे पोचेपर्यंत नजर त्याच्यावर ठेवायची आणि मग सभ्यपणे वळायचं. ही चूक तुझी. बाकीची निम्मी माझी, मी यांची तोंडं बांधली." तो उठला, टोपी काढून त्याने लेमेकच्या पिशवीत कोंबली. "नाव घेतलंस, गेराल्डची परीक्षा संपली. नियम मी मोडत नाही. आता कॅम्पवर परत जायचंय. गेराल्ड मेला. मी मुयुंडा, या खोऱ्यात तीस वर्षं काढलेला, चिडलेला आणि पाय लटपटत असलेला म्हातारा. मला ने. आणि तुम्ही दोघं तुमच्या पद्धतीने बोला."

गेराल्डला नेणं सोपं होतं हे कसुबाला वाटेत कळलं. मुयुंडा प्रत्येक ठशापाशी थांबे, मुद्दाम चुकीचं नाव सांगे आणि ती सुधारते का ते बघे. पुढून मासेकोच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "ए सुरवंटे, डावीकडे काटे आहेत, तुझ्या सासरच्या माणसांसारखे." ती काट्यांना वळसा घालून शांतपणे पुढे जाई. नदीकाठी पाणघोड्यांचा कळप वाटेत पाण्याबाहेर आलेला दिसला तेव्हा मासेको नुसता थांबला. कसुबाने वारा पाहिला आणि सगळ्यांना वरच्या अंगाने फिरवून नेलं. मुयुंडा तिच्या मागोमाग चालत राहिला.

कॅम्पची छपरं दिसू लागली तेव्हा तो म्हणाला, "उद्या सकाळच्या विमानाने दोघं नवराबायको येताहेत. स्वित्झर्लंडचे. तू ने त्यांना."

कसुबा थांबली. "म्हणजे मी..."

"बायकोला साप पाहायचे आहेत. नवऱ्याला सापांच्या नावानेच घाम फुटतो. सांभाळ काय ते."

"बायकोला मी पाहतो," मासेको म्हणाला. "भित्रा हिच्याकडे द्या. दोघांचं छान जमेल."

"त्याच्यासमोर मला मॅडम म्हणू नकोस फक्त," कसुबा म्हणाली. "मी त्याच्या आधी झाडावर चढेन."