जिराफाकडे बघ

दारातून आत पाऊल टाकलं की पोरं भोकाड पसरायची. सुई राहिली लांब, अजून डॉक्टरचं तोंडसुद्धा दिसलेलं नसायचं, आणि यांचं सुरू! कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन धाकटी हे ऐकत बसली होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत. आर्किटेक्ट झाली, लग्न झालं, एका पोरीची आई झाली, तरी धाकटी ती धाकटीच. मुलांचा हा दवाखाना तिच्या थोरल्या भावाचा, आणि स्वतःच्या जबाबदारीवरचं तिचं हे पहिलंवहिलं काम. काय कमी केलं होतं हो तिनं? नोंदणीचं टेबल इतकं खाली, की पोरानं हनुवटी टेकवून स्वतःचं नाव सांगावं. वजनकाटा आडोशाला, कारण उघडं पोर वाऱ्यात कशाला उभं करायचं? आत यायचं एका दारानं, जायचं दुसऱ्या, म्हणजे टोचून निघालेलं रडकं ध्यान बसलेल्यांना दिसायला नको. पूर्वी अर्धा दिवस खोळंबणारी माणसं आता झटपट नंबर लागून गप्पा अर्ध्यावर टाकून घरी जात होती. आणि वाट चुकू नये म्हणून या दारापासून त्या दारापर्यंत, सगळ्या खोल्यांतून, भिंतीवर पिवळे जिराफ. डोंबल! कौतुक राहिलं बाजूला, पोरांनी दवाखाना डोक्यावर घेतला होता.

सल्ले द्यायला मात्र कुणी मागं नव्हतं. नोंदणीवरची बाई म्हणाली, पंखे आवाज करतात. पंखे बदलले. औषधवाला म्हणाला, दिवे डोळ्यांत खुपतात. दिवे झाकले. एका आजोबांनी तर हल्लीची पोरंच हळवी म्हणून सगळं खापर पोरांवर फोडलं. धाकटीनं हात टेकले.

दादानं टेकले नव्हते. "हे बघ धाकटे, सोमवारी रंगारी येतोय. सगळं पांढरं करून टाकू, जुने बाक परत मांडू. पूर्वी पोरं निदान आत गेल्यावर रडायची."

"आणि माझं काय?"

"तुझं काय? अनुभव मिळाला, असं समज."

अनुभव म्हणे! सख्ख्या भावानं काम पुसून टाकलं, तर परका माणूस दारात तरी उभं करील का? तिला ओरडावंसं वाटलं, पण तेवढं काम पोरं करतच होती.

नेमकी त्याच आठवड्यात चिमीची लस आली. चिमी तिची लेक, शाळेत नुकती जायला लागलेली, आणि जिराफ मुळात तिचाच. तिनं वहीत काढलेला, मान हातभर नि पाय बोटभर, तोच धाकटीनं मोठा करून भिंतींवर चढवला होता.

चिमी नाचतच आत शिरली. "हा माझा! हापण माझा!" रडणाऱ्या पोरांकडे बघून तिनं नाक मुरडलं. "आई, इथं काय करतात?"

"काही नाही गं. जिराफ बघायचा नि घरी जायचं."

इंजेक्शनच्या खोलीतली सिस्टर मोठी मायाळू बाई. तिची रीत ठरलेली होती. एका हातानं पोराची हनुवटी भिंतीकडे वळवायची, "जिराफाकडे बघ, कसा हसतोय!" म्हणायचं, आणि दुसऱ्या हातानं सुई. पोराला कळायच्या आत काम फत्ते.

"बघ गं चिमे, तुझाच आहे," धाकटीनंही बोट दाखवलं. चिमी हसत वळली आणि हसता हसताच किंचाळली.

रडून झालं, नाक पुसून झालं, फुगाही मिळाला. पण बाहेरच्या दारावरचा जिराफ दिसला मात्र, चिमीनं फुगा टाकला आणि आईच्या मागं दडून पुन्हा टाहो फोडला.

धाकटी जागच्या जागी थबकली. अरे देवा! पहिल्यांदा येणारी पोरं हसतच येत होती की! भोकाड पसरत होती ती दुसऱ्या खेपेची, एकदा जिराफ बघून सुई खाल्लेली. इतके दिवस पंख्यांना नावं ठेवत बसलो! चिमीला ओढतच ती दादाच्या खोलीत घुसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. "फक्त त्या खोलीतला जिराफ पुसायचा दादा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

दादानं कपाळावर हात मारला. "म्हणजे आम्हीच भ्यायला शिकवलं म्हण की त्यांना! बरं बाई, रंगाऱ्याला तेवढी एकच भिंत सांगतो. बाक राहू देत अडगळीत."

धाकटीला हर्ष मावेना. ती चिमीपुढं उकिडवी बसली. "ऐकलंस? तो वाईट जिराफ आपण पुसून टाकणार हं."

चिमीनं दंड घट्ट धरून ठेवला होता. "त्यानं काय केलं? मी त्याच्याकडे बघितलं की तुम्ही टोचता." मग तिनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

धाकटीनं कशीबशी मान हलवली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

दादानं टेबलावरचे कागद उगीचच सारखे केले. धाकटीनं कडेवर घ्यायला हात पुढं केले, तशी चिमी मागं सरली आणि दादाच्या खुर्चीला जाऊन चिकटली.

"मामा," ती म्हणाली, "मला घरी तू सोड."