वरवरची नक्कल

आमच्या कंपनीत एक नियम आहे: नवा प्रोग्राम आधी लिहिणाऱ्याच्याच घरी चालवायचा. ज्यानं रांधलं त्यानं आधी चाखावं. म्हणून घरचा फोन इंटरनेटला जोडणाऱ्या डबीत बसवलेला माझा प्रोग्राम आमच्या घरी आला. नेमकी त्याच दुपारी त्याच फोनवरून बायकोच्या आवाजाची परीक्षा होती. रेडिओवर पुस्तकं वाचून दाखवण्याची एकच जागा होती; संसारापायी तिनं ती याआधी एकदा हातची घालवलेली.

"डबी नीट आहे ना रे?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. डबीचं विचारतेय."

ती वाचू लागली. चाळणीतून पीठ झरावं तसा मऊ, न तुटणारा आवाज. मी दाराशी कौतुकानं उभा. तोच फोनमधून रेडिओच्या बाई म्हणाल्या, "मधले शब्द गळतायत हो. अडखळताय का?"

बायको गांगरली आणि मग खरंच अडखळली.

चूक कुठं झाली ते मला तिथंच कळलं. फोनवरचा आवाज तुकड्यातुकड्यांनी पॅकेटांत भरून जातो. प्रत्येक पॅकेटची एक प्रत आम्ही तपासणीला ठेवतो. कुणाचं खासगी बोलणं ऐकलं जाऊ नये म्हणून त्या प्रतीतला आवाज पुसून टाकतो. जागा वाचवायला या शहाण्यानं, म्हणजे मीच, प्रतीत नुसता वरचा पत्ता उतरवला होता, आतला आवाज नाही. मूळ पॅकेट आणि प्रत, दोन्ही आतून एकाच आवाजाकडे बोट दाखवत होती. प्रत पुसली की मूळही पुसलं! पुसण्याआधी पॅकेट निसटलं तर शब्द वाचला, नाहीतर गेला.

टीममधल्या काकूंनी बजावलं होतं, "राजा, आतलंही वेगळं उतरव. वरवरची नक्कल अंगाशी येते." मी म्हणालो होतो, "काकू, केवढी ही उधळपट्टी!" आणि ऑफिसात तपासताना "हॅलो, हॅलो" म्हटलं होतं. त्यातला एक हॅलो पोचला. मी खूश.

आता मी फोन हिसकावून घेतला. "बाई, ती चांगलंच वाचतेय, तिचा आवाज मी पुसतोय..."

"आता तुम्हीही तुटक बोलायला लागलात," बाई म्हणाल्या. "घरात सगळ्यांनाच आहे का हे?"

बायकोनं शांतपणे फोन परत घेतला. "बाई, दुसऱ्या फोनवरून लावते."

"लगेच दुरुस्त करतो गं."

"कर की. निवांत कर."

पुस्तक काखेत मारून ती खाली शिंपीणबाईंच्या दुकानात गेली. मागोमाग मी. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं, आपला फोन पुढे केला आणि मला बोटानंच बाहेर काढलं. रस्त्याचा गोंगाट आत जाऊ नये म्हणून मी दार ओढून धरलं. पलीकडून तिची लय तेवढी ऐकू येत होती, शब्द एकही नाही. माझ्या वाट्याला तेवढंच रास्त होतं.

मग आतली लय थांबली. मी दार किलकिलं केलं.

"काय म्हणाल्या?"

"सोमवारी बोलावलंय."

"मग चल वर!"

"तू हो पुढे. शिंपीणबाईंनी गोष्ट अर्धीच ऐकलीय, त्यांना पुढचं हवंय."

शिंपीणबाई सुई बोटात धरून वाटच बघत होत्या.

"मी बसू इथं?"

"बस. पण काही सुधारू नकोस."