माहेरची हमी

"काय म्हणतोय गं तो?" सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

लॅपटॉपवरचा अधिकारी सासूबाईंच्या जन्मबेटाच्या सुरक्षेच्या हमी वाचून दाखवत होता. आसपास परक्यांची जहाजं फिरकणार नाहीत, धावपट्टीला धक्का लागणार नाही, प्रवाळाला नाही, कासवांनासुद्धा नाही. मी मराठीत सांगत गेले आणि आतून पेटत गेले. कासवांचीही सोय झाली होती!

एक बलाढ्य देश ते बेट एका लहान देशाला परत देणार होता. लष्करी तळ मात्र स्वतःकडे ठेवून. याच तळासाठी पूर्वी बेटावरची माणसं बोटींत कोंबून हाकलली. सासूबाई तेव्हा लहान होत्या. जिथं नेऊन टाकलं तिथंच, साखर कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या सासऱ्यांशी, रणोजीरावांशी त्यांचं लग्न झालं आणि म्हैसूरला अग्रहारातल्या मराठी घरात येऊन त्या नागरत्ना झाल्या. पुण्याच्या मला पुरणपोळी त्यांनीच शिकवली.

आज म्हणे त्या बलाढ्य देशाचे अधिकारी ऑनलाइन बैठकीत बेटावरच्या लोकांचं म्हणणं ऐकणार होते.

"विचार त्याला, मला माहेरी जायला सोडतात का नाही? आईच्या कबरीवर दिवा लावते नि येते. राहायला बेडा, नकोच मला."

माहेर! ऑफिसात एवढं इंग्रजी झोडते मी, पण ऐन वेळी तोंडातून निघालं, 'मदर्स हाउस'.

"घरांचे दावे या बैठकीत घेत नाही," अधिकारी म्हणाला.

"घर नाही हो, कबर! लग्न झालेल्या मुलीची हक्काची जागा..."

"हक्काचे दावेही नाहीत."

तेवढं इंग्रजी सासूबाईंना कळत होतं.

"अय्यो, मी काय वाटणी मागते का रे?" त्या थेट त्याच्यावरच कडाडल्या. "लेक माहेरी येते म्हटली तर तू कोण दार अडवणारा? घर कुणाचं, तू कुठला!"

मी शब्दन् शब्द इंग्रजीत त्याच्या तोंडावर फेकला. पण आमचा आवाज त्यांनी केव्हाच बंद केला होता. त्याचे ओठ हलले, बहुधा आभार मानले असावेत, आणि पडदा काळा झाला.

ऐकायला बोलावतात आणि तोंड दाबतात, लाज कशी वाटत नाही यांना? मी लॅपटॉप मिटायला गेले.

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "मत्ते, परत कोणी आलं तर?"

आणि पदर सारखा करून त्या काळ्या पडद्यासमोर ताठ बसून राहिल्या.