मागच्याच्या पायांशी उजेड

“हा मारला की समोरच्या टेकडीवरची शेळी दिसते,” दुकानदाराने आणखी एक टॉर्च पुढे ठेवला.

“शेळी बघून काय करू?” डोअरकीपरकाका म्हणाले. “उजेड लोकांच्या डोळ्यांवर गेला, तर शिव्या खाव्या लागतात.”

नोकरी संपली तरी काकांचा पिंड डोअरकीपरचाच राहिला होता. उभी हयात थिएटरात गेली. उशिरा आलेल्यांना अंधारात खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं, हेच काम. त्यामुळे टॉर्चच्या बाबतीत ते कोणाचं ऐकून घेत नसत. एकाचं बटण कुरकुरत होतं, दुसऱ्याचा उजेड पांढराफटक, तिसरा हातात वीट धरल्यासारखा. काकू शेजारच्या स्टुलावर बसून गालातल्या गालात हसत होत्या.

हसत होत्या खऱ्या, पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता. गेल्या आठवड्यात जेवण करून दोघं फिरायला निघाले आणि काका, हातात टॉर्च असून, रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेले. गुडघा सोलवटला. लेकीने फोनवर निक्षून सांगितलं, अंधारात फिरणं आता बंद. काकूंना ते फार लागलं. काकांच्या नोकरीपायी लग्नापासून रोज रात्री त्या एकट्याच जेवल्या, एकट्याच झोपल्या. नवऱ्याबरोबर गप्पा मारत चालणं आत्ता कुठे वाट्याला आलं होतं, आणि ते त्यांना सोडायचं नव्हतं. चांगला टॉर्च घेतला की लेक ऐकेल, एवढीच आशा.

“इथे भर उजेडात काय कळणार?” काका म्हणाले. “अंधाराची जागा आहे का?”

दुकानदाराने मागची सामानाची खोली उघडून दिली आणि दोघं आत गेल्यावर दार ओढून घेतलं. हातातला टॉर्च लावून काका ऐटीत पुढे निघाले. हात मागे, उजेड बरोबर काकूंच्या चपलांवर. जरा पुढे जातात तोच ते बादल्यांच्या चळतीवर आदळले आणि सगळी चळत खाली आली.

“काय झालं हो?” बाहेरून दुकानदार.

“काही नाही, बादल्या तपासतोय.”

काकू एका खोक्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “अहो, टॉर्च माझ्या पायांवर कशाला मारताय? त्या दिवशीही असाच मारला होता ना?”

“मागच्याला दिसायला नको का?”

“थिएटरातली वाट तुम्हाला पाठ होती. रस्त्यावरचे खड्डे पाठ आहेत?”

काका ओशाळले. आठवडाभर ते जुन्या टॉर्चच्या नावाने बोटं मोडत होते.

“आणा इकडे.” काकूंनी टॉर्च काढून घेतला. “मी पुढे, तुम्ही मागे.”

“अगं, तुला नाही जमायचं.”

“गुपचूप या.”

काकू आधी स्वतःपुढे बघून पाऊल टाकत, थांबत, मग वळून काकांच्या पायांपुढे उजेड धरत. काकांना स्वतःचेच पाय दिसले, बिचकत पुढे येणारे, म्हातारे. इतक्या जणांना त्यांनी जागेवर नेऊन बसवलं होतं, पण त्यांना असं कोणीच कधी नेलं नव्हतं. खोलीच्या टोकाला रंगाचा डबा पालथा होता. काकूंनी त्यावर उजेड टाकला.

“बसा.”

काका बसले. त्यांना भरून आलं होतं.

“काका, पसंत आहे का?” दाराबाहेरून दुकानदाराने विचारलं.

“आहे,” काका म्हणाले. “पण दार इतक्यात उघडू नका.”